उभं रीळ

रीळ जमिनीवर उभं होतं. ते असायला हवं होतं आसावर, आडवं, आणि हौसाक्कानं ते चक्क फरशीवर पिंपासारखं उभं करून ठेवलेलं. तार त्याच्या माथ्यावरून सुटून तिच्या बोटांमधून जात होती आणि समोरच्या ड्रमवर थर चढवत होती. ताणमापकाला तर तिनं पत्ताच लागू दिला नव्हता. त्याची सुई शून्यावर झोपली होती.

"हे काय चाललंय?" मी दारातूनच विचारलं.

हौसाक्कानं पायानं मशीन थांबवलं. तार सोडली मात्र नाही. "तार भरतीय न्हवं, म्याडम."

"ते दिसतंय मला. रीळ खाली का?"

"उभं असलं की तार गप ऱ्हाती."

"गप राहते म्हणजे काय?"

ती विचारात पडली. "म्हंजे गपच की. वळवळत न्हाई."

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते, तपासणी माझ्याकडे होती, आणि वळवळत नाही हे उत्तर मला उत्तर वाटत नसे. खोत मॅडमकडून कागद सही होऊन आला म्हणजे ब्रह्मदेवही त्यात चूक काढणार नाही, अशी कारखान्यात माझी ख्याती होती, आणि ती मला आवडायची. आता हसू येतं.

आम्ही आरमारासाठी टॉर्पेडो बनवत होतो, म्हणजे त्याचा एक भाग: तार. बोटीतून सुटलेला टॉर्पेडो आपल्या मागे बारीक तार सोडत जातो, आणि त्या तारेतून बोटीवरचा माणूस त्याला डावं-उजवं, हळू-जोरात सांगत राहतो. शेवईहून जराशी जाड, पंधरा किलोमीटर लांब तार. ती ओढली जात नाही, हे त्यातलं मुख्य कसब. एक ड्रम टॉर्पेडोच्या पोटात, दुसरा बोटीवर. दोघंही आपापल्या ड्रममधून तार सोडत पुढे जातात आणि तार समुद्रात जागच्या जागी पडून राहते. ड्रम फिरत नाही. आतल्या बाजूनं एकेक वेढा सुटत बाहेर पडतो. एक वेढा जरी अडकला तरी तार तुटते आणि मग पुढे जातं ते नुसतं आंधळं लोखंड.

हे ड्रम भरायचं काम हौसाबाई कोष्टी हिच्याकडे होतं. सगळे तिला हौसाक्का म्हणत. इचलकरंजीच्या मागांवर तिनं वीस वर्षं धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. नवऱ्याला पिंपरीत काम लागलं म्हणून ती इकडे आली आणि आमच्याकडे रोजंदारीवर लागली. तिच्याआधी दोन आयटीआयची पोरं ठेवून पाहिली होती, पण त्यांचे थर तिसऱ्या दिवशी ढासळायचे. हिचा थर असा बसायचा, की त्यावरून नख फिरवलं तर कुठे अडायचं नाही.

"हे मागाचं काम नाही, हौसाक्का," मी म्हणाले. "हे समुद्रात जाणार आहे. कार्यपद्धतीत काय लिहिलंय? रीळ आसावर, ताण सातशे ग्रॅम. वाचून दाखवलं होतं ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग?"

मला एकदम शंका आली. "आधीचे तीन ड्रम कसे भरलेत?"

"असंच."

त्या तिन्ही ड्रमच्या कागदांवर 'रीळ आसावर आहे काय?' या रकान्यात 'होय' होतं, आणि त्याखाली माझी सही. मी वाइंडिंग रूममध्ये येऊन पाहिलं नव्हतं. संध्याकाळी कागद टेबलावर यायचे आणि मी सही करायचे, कारण हौसाक्काच्या ड्रममध्ये बघण्यासारखं काय असणार, असं मी धरून चालले होते. आणि ते तिन्ही ड्रम समुद्रात जाऊन, वेग कमी-जास्त करून, वळणं घेऊन सुखरूप चाचणी पार करून आले होते.

"हे बघा," मी आवाज खाली आणला. "दिवाळीत कायम करायच्या लोकांची यादी निघणार आहे. गुप्ते साहेबांनी तुमचं नाव दिलंय. तुमचं वय काय?"

"नोव्हेंबरात पंचेचाळीस पुरी."

"पंचेचाळीसनंतर कायम करत नाहीत. तुम्हाला ही एकच यादी आहे. आणि आरमाराच्या कामात लेखी पद्धत मोडली असं कागदावर आलं, तर नाव त्याच दिवशी कापतात. म्हणून मी हे कुठे लिहीत नाही. पण यापुढे रीळ आसावर. समजलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग तारेकडे. "तुमी म्हंताय तर घालते," ती म्हणाली, आणि रीळ दोन्ही हातांनी उचलून आसावर चढवलं. भरलेला भाग उलगडायला लावून तो ड्रम मी पहिल्यापासून भरून घेतला. ताणमापकाची सुई सातशेवर इतकी स्थिर राहिली की मी खूश होऊन आलेख फाइलला लावला. एका गरीब बाईवर उपकार केल्याचा आनंद मला दोन दिवस पुरला. स्वतःच्याही तीन सह्या वाचवल्या होत्या, पण ते मी मनातसुद्धा मोठ्यानं म्हटलं नाही.

सप्टेंबरात तो चौथा ड्रम पूर्व किनाऱ्यावर चाचणीला गेला. बरोबर गुप्ते साहेब आणि मी. साहेब म्हणजे या तारेच्या रचनेचे जनक. पन्नाशीचे, सडसडीत, बोलणं कमी, आणि रागावले की आणखी कमी.

चाचणीच्या टॉर्पेडोत स्फोटकं नसतात, त्याचं नाक भगवं रंगवलेलं असतं आणि शेवटी तो तरंगून वर येतो. आम्ही बोटीवर पडद्यासमोर उभे होतो. पहिली तीन मिनिटं सगळं ठीक. मग कमांडर म्हणाले, "वेग कमी." टॉर्पेडोनं ऐकलं. "डावीकडे वीस अंश." तेही ऐकलं. "वेग पूर्ण."

पडद्यावरची रेघ विझली.

"सिग्नल गेला," ऑपरेटर म्हणाला. चार मिनिटं दहा सेकंद झाली होती. गुप्ते साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, जणू आता बघण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

टॉर्पेडो सापडला, तारेचं तुटकं टोकही सापडलं. साहेबांनी ते भिंगाखाली धरलं. तुटलेल्या जागी तार आधी चांगलीच दुमडली होती. वरचं प्लॅस्टिक पांढरट पडून फाटलं होतं आणि तांबं उघडं पडलं होतं.

"भरताना हाताखाली मुडपली असणार," ते म्हणाले. "आधीचे तीन ड्रम आणि हा, कागदोपत्री चारही अगदी एकसारखे आहेत. पद्धत तीच, तार तीच. मग फरक एकच उरतो, माणसाचा हात. हा कोणी भरला?"

"हौसाबाईंनीच," मी म्हणाले. चारही कागद एकसारखे होते, ते माझ्यामुळे.

परतल्यावर मी सरळ वाइंडिंग रूममध्ये गेले. ती सहावा ड्रम भरत होती. रीळ आसावर, सुई सातशेवर.

"तुटली," मी म्हटलं.

"वेग कमी करून वाडवला तवा?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिनं मशीन थांबवलं, हात पुसले आणि भरून ठेवलेल्या पाचव्या ड्रममधून, आतल्या बाजूनं, चार-पाच वेढे ओढून काढले. "ह्ये टोक धरा. घट. सोडू नगा." दुसरी बाजू तिनं धरली. आमच्या दोघींमध्ये तार सरळ, ताठ. "हाय काय त्यात?"

"काही नाही."

"आता माझ्याकडं या."

मी दोन पावलं पुढे आले. तार ढिली पडली, आणि पडताक्षणी मध्येच तिनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि वेटोळं झालं. कोणी हात लावला नव्हता.

"आता मागं सरा. जोरात."

वेटोळं आवळत आवळत लहान झालं आणि शेवटी कट्ट करून मुडपलं. प्लॅस्टिक फाटलं. भिंगाखाली पाहिलेली तीच दुमड माझ्यासमोर होती.

मग तिनं कोपऱ्यातून तिसऱ्या ड्रमची उरलेली तार आणली, ती उभ्या रिळावरून भरलेली. तशीच धरली, तशीच ढिली केली. ती नुसती खाली लोंबली, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्याइतकी शांत. ओढली की सरळ.

"ही गप हाय," हौसाक्का म्हणाली. "ड्रम फिरत न्हाई आन् तार आतनं निघती, म्हंजे दर वेढ्याला एक पीळ चडतो. कांडीचं बी तसंच. ओढ हाय तवर कळत न्हाई, ढिलं पडलं की उटतो. म्हणून भरतानाच उलटा पीळ घालायचा. रीळ उभं ठिवलं की आपसूक पडतो."

पंधरा हजार वेढे, पंधरा हजार पीळ. शाळेतल्या पोराला करता येईल असं हे गणित साहेबांना सुचलं नव्हतं, मलाही नाही. आम्ही ताण मोजत बसलो होतो. मला इतकी लाज वाटली की मी चिडलेच.

"मग हे मला तेव्हाच का नाही दाखवलंत?"

"तुमी इचारलं न्हाईसा." ती साधेपणानं म्हणाली. "तुमी म्हणला आसावर घाला. मी घातलं."

मी खुर्चीवर बसले. "सोमवारी चौकशी आहे. मी साहेबांना सांगते."

"नगा सांगू!" ती एकदम जवळ आली. "म्याडम, ऐका माझं. हात चुकला म्हणून सांगते मी. हात कुणाचा बी चुकतो. पर्सोनेलचं लिमये साहेब निस्ती ताकीद देत्यात आन् सोडत्यात, नाव ऱ्हातंय. पर लिवल्यालं मोडलं म्हणून कळलं, तर तीन डाव मोडलंय मी. कापत्यात की नाव. तुमीच सांगितलं न्हवं?"

"आणि पुढचे ड्रम?"

"उभं करते की मी. आदी करत हुते तसंच. तुमी बगूच नगा."

किती सोपं होतं ते. तिचं नाव राहणार, माझ्या सह्या राहणार, तार गप राहणार. "बरं," मी म्हणाले. "नाही सांगत." तिनं माझा हात धरला. तिची बोटं वार्निशनं चिकट झालेली होती.

त्या शनिवार-रविवारी मी गणित करत बसले. गणित पाच मिनिटांत सुटलं, बाकीचं सुटेना. पुढच्या महिन्यात आमची कार्यपद्धती दुसऱ्या एका कारखान्याकडे जाणार होती. तिथं हौसाक्का नव्हती. तिथं लोक कागद वाचून रीळ आसावर चढवणार होते, सुई सातशेवर ठेवणार होते, आणि ते ड्रम पाणबुडीत बसणार होते. पाणबुडीतली पोरं वेग कमी करतील, मग वाढवतील, आणि त्यांच्या समोरची रेघ विझेल. तेव्हा समोर चाचणीची बोट नसेल.

सोमवारी टेबलामागे तिघं होते: गुप्ते साहेब, आरमाराचे कमांडर आणि पर्सोनेलचे लिमये. मी बाजूला. हौसाक्का खुर्चीच्या टोकावर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

"हौसाबाई, चौथा ड्रम भरताना तुमचा हात चुकला का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. चुकला."

"कुठल्या थरात?"

"ते न्हाई आटवत."

लिमये लिहीत होते. त्यांनी कागद फिरवला. साहेबांनी सही केली, कमांडरांनी केली, कागद माझ्याकडे आला. अक्षर सुबक होतं. 'हाताळणीतील मानवी चूक. कार्यपद्धतीत बदलाची आवश्यकता नाही.' मी पेन उघडलं. हौसाक्का माझ्याकडे बघत होती, आणि मला आजही कबूल करायला आवडत नाही, पण मी पेन टेकवलंसुद्धा होतं.

"चौथा ड्रम बरोबर भरलाय," मी म्हणाले. "आपल्या कागदाप्रमाणे. पहिले तीन चुकीचे भरले होते, म्हणून ते चालले. मी न बघता सह्या केल्या."

मी सगळं सांगितलं. उभं रीळ, पीळ, मी दिलेली तंबी. सांगताना हौसाक्काकडे बघायचं टाळलं.

"दाखवा," गुप्ते साहेब म्हणाले.

पाचवा ड्रम मी बरोबर आणलाच होता. "हौसाक्का, दाखवा ना."

तिचे हात मांडीवरून हलले नाहीत. "मला काय ठावं न्हाई," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

मग मीच उठले. आतून तार ओढली, एक टोक कमांडरांच्या हाती दिलं, पुढे सरकले. तार ढिली पडली आणि नुसती लोंबली. काही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा काही नाही. लिमयांनी घड्याळ बघितलं. कागदावर गणित पाच मिनिटांत सुटलं होतं आणि आता एक वेटोळं होत नव्हतं. तिसऱ्यांदा मी तार इतकी वेडीवाकडी खेचली की ती ड्रमच्या काठावर घासली.

"आवो, अशी धरत्यात व्हय तार!"

हौसाक्का उभी राहिली होती. बहुधा तिचं तिलाही कळलं नव्हतं. ती तरातरा आली आणि माझ्या हातातून तार काढून घेतली, एखाद्या अडाण्याच्या हातून लेकरू काढून घ्यावं तशी. "टोक बोटात फिरतंय तुमच्या. फिरलं की पीळ निगून जातो. साहेब, तुमी बी घट धरा. हां. आता या पुढं."

वेटोळं झालं. कमांडर नकळत मागे सरले आणि ते कट्ट करून मुडपलं.

गुप्ते साहेब उठून आले. त्यांनी ते स्वतः केलं, चार वेळा. मग रीळ मागवलं, फरशीवर उभं केलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "कुठली बाजू वर? सांगा मला." ती सांगत गेली, बाजू कशी ओळखायची, रीळ ड्रमच्या मापाचंच का हवं, ते सगळं. वीस मिनिटं तिला कशाचंही भान नव्हतं. मग तिची नजर लिमयांच्या चालत्या पेनवर गेली आणि ती मध्येच थांबली.

बाहेर पडताना ती माझ्याशेजारून गेली. "सांगत न्हाई म्हणला हुता," एवढंच म्हणाली.

साहेबांनी मला थांबवून घेतलं. "खोत, रचना माझी आहे. पीळ मला दिसायला हवा होता. तसं मी लिहिणार आहे." त्यांनी लिहिलंही. माझी दोन वर्षांची वेतनवाढ थांबली आणि तपासणीचं काम काढून घेतलं गेलं, ते ठीकच झालं. हौसाबाई कोष्टी यांना वयाची आणि शिस्तभंगाची, दोन्ही बाबतींत सूट द्यावी, असं पत्र साहेबांनी स्वतः टाइप करून मुंबईच्या मुख्य कार्यालयाला पाठवलं. त्यांचं पत्र परत येत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, वाइंडिंग रूममध्ये जाऊन, दर दोन दिवसांनी. ती नुसतं "हं" करायची. ती चिडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटी सातव्या ड्रमची चाचणी झाली. उभ्या रिळाचा, नव्या कार्यपद्धतीचा. कमांडरांनी सहा वेळा वेग कमी केला आणि सहा वेळा वाढवला. सतरा मिनिटं पडद्यावरची रेघ जिवंत होती. शेवटी टॉर्पेडो तरंगून वर आला, तेव्हा साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग परतीच्या गाडीत त्यांनी खिशातून मुंबईचं एक पाकीट काढून माझ्याकडे दिलं. निघण्याच्या आदल्या दिवशी आलं होतं, चाचणी होईपर्यंत त्यांनी दाखवलं नव्हतं. मी आतलं पत्र दोनदा वाचलं. दोन ओळींचंच होतं.

कारखान्यात पोचल्यावर मी तोंडसुद्धा न धुता वाइंडिंग रूमकडे गेले. तिथं आता दोन नवीन मुलं होती, कायम नेमणुकीची, दुसऱ्या कारखान्यातून शिकायला आलेली. हौसाक्का खिडकीशी ड्रमवर वाकली होती. रीळ फरशीवर उभं होतं.

"हौसाक्का, सतरा मिनिटं!" मी म्हणाले. माझ्या आवाजात खोटा उत्साह होता, तो मलाही ऐकू आला. "सहा वेळा वेग बदलला. तार तुटली नाही."

"ती तुटणार न्हवतीच," ती मान वर न करता म्हणाली. तिची बोटं चालू होती. "यादीचं काय झालं, ते सांगा."

मी काहीतरी जुळवायला लागले. साहेब पुन्हा लिहिणार आहेत, पुढच्या वर्षी नियम बदलतील, असं काहीबाही. तिनं मशीन थांबवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. वाट बघत राहिली.

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग वेढ्यावरून नख फिरवून पाहिलं, कुठे अडत नाही ना.

"मग जरा बाजूला व्हा, म्याडम," ती म्हणाली. "माझ्या उजेडात उभ्या हायसा."